पाचव्या पडद्याच्या वर

क्लेबर्न बॅस्कम हातात केक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच आयोलानं ओळखायला हवं होतं. हा माणूस म्हणजे बँडच्या पोरांना कॉफी पाजायची वेळ आली की नेमका बाथरूमला जाणारा. तो आईकडून पीचचा केक करवून घेतो, त्यावर धुतलेला रुमाल झाकतो आणि गुरुवारी ऐन जेवायच्या वेळी चार घरं चालत येतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आयोला शाळेच्या कँटीनमधून नुकती आली होती, पाय सुजले होते, आणि केकचा वास खरंच छान येत होता. तिनं त्याला आत घेतलं.

तिचा नवरा हर्शेल टेबलाशी बसून मक्याच्या पावाला लोणी लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"काय म्हणतेस, आयोला?" क्लेबर्न म्हणाला.

"मी काय म्हणणार? तू म्हण. केक आणलायस म्हणजे एक तर कुणीतरी मेलंय, नाहीतर मरायला टेकलंय."

क्लेबर्न हसला, पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही. 'लेकव्ह्यू सेव्हन' हा बँड त्याचा. गायचा तो, नाचायचा तो, मुलाखत द्यायचा तो. आयोला पहिल्या दिवसापासून त्यात बेस गिटार वाजवायची, म्हणजे ती चार जाड तारांची, जिचा आवाज कानाआधी पोटात शिरतो. त्या काळात आमच्या वेस्ट डेटनमध्ये, काळ्या लोकांच्या वस्तीत, दर दुसऱ्या गॅरेजात एक बँड होता आणि प्रत्येक बँडला वाटायचं की पुढची रेकॉर्ड आपलीच. बहुतेकांचं वाटण्यावरच भागायचं. सेव्हनचं मात्र गेल्या हिवाळ्यात एक गाणं लागलं, पार शिकागोपर्यंत वाजलं. गाणं कसलं, चार शब्द आणि आयोलाचा बेस.

"लॉस एंजेलिसच्या कंपनीनं होकार दिलाय," क्लेबर्न म्हणाला. "आख्ख्या देशाचा दौरा. बस मिळणार, हॉटेलं मिळणार."

"अरे मग तोंड पाडून काय बसलास? हर्शेल, ऐकलंस?"

हर्शेलचं लोणी लावून झालं होतं. तो तरी लावतच होता.

"नवे कपडे देणार आहेत," क्लेबर्न म्हणाला. "चंदेरी. स्टेजवर एक यान उतरणार, धूर निघणार आणि त्यातून आपण सगळे…"

"त्या चंदेरी पँटमध्ये मी काही मावायची नाही, आत्ताच सांगून ठेव त्यांना." आयोला स्वतःच्याच विनोदावर खो खो हसली.

"तेच," क्लेबर्न म्हणाला.

आयोलाचं हसू थांबायला जरा वेळ लागला. तोंड उघडं आणि आवाज बंद, अशी ती क्षणभर दिसली असेल, आणि तशी आपण दिसलो याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

"त्यांना स्टेजवर जवान पोरगा हवाय," क्लेबर्न घाईघाईनं म्हणाला. "माझं म्हणणं नाही हं हे, देवाशपथ. डेट्रॉइटचा एक आहे, रेनर्ड. हात चांगला आहे. उड्याबिड्या मारतो. आणि तुलाही आता कुठे झेपतंय? बसमध्ये झोपायचं, कुठेही खायचं. तू आराम कर. रेकॉर्डवर तुझं नाव राहील की."

"रेकॉर्डवर माझं नाव पहिल्यापासून चुकीचं छापलंय. दोन अक्षरं खाल्लीत."

"ते दुरुस्त करायला सांगतो."

आयोलानं नवऱ्याकडे बघितलं. बायकोला तिच्याच बेसवर उभ्या राहिलेल्या बँडमधून हाकलताहेत आणि हा गडी पावाकडे बघतोय.

"हर्शेल. तुला ठाऊक होतं."

"क्लेबर्न परवा गॅरेजात आला होता," हर्शेल म्हणाला. "मी म्हटलं, तूच सांग तिला. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"अच्छा. म्हणजे केक तुझ्या सल्ल्यानं आलाय."

"ऐकून तर घे. बेस जाणार आहे त्यांच्याबरोबर. आपला बेस. कंपनीच्या माणसाला आवाज तोच हवाय, रेकॉर्डवरचा. प्रत्येक शहरात विचारतील, हा बनवला कुणी? आवडला तर ते माझ्याकडून आणखी बनवून घेणार आहेत. मला फाउंड्री सोडता येईल, आयोला. आणि आवाज काय, तो बेसात आहे. तो कुठे जात नाही."

आवाज बेसात आहे. हे वाक्य त्या घरात मीठमिरीसारखं रोजचं होतं, पण आज ते आयोलाला वर्मी लागलं. जिभेवर एकच वाक्य आलं होतं. ते टाकलं असतं तर टेबल, केक, क्लेबर्न, दौरा, सगळं जागच्या जागी उलटंपालटं झालं असतं. तिनं ते गिळलं. इतकी वर्षं गिळत आली होती, घशाला सवय होती.

"न्या," ती म्हणाली. "बेस न्या, पँट न्या, यान न्या. आणि हा केकही ने उचलून. तुझ्या आईला सांग, आयोलाला गोड वर्ज्य केलंय डॉक्टरनं."

*

आता ते गिळलेलं वाक्य कोणतं, ते सांगायला हवं.

हर्शेल फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, लाकडी साचे करायचा. लोखंडाचा किंवा पितळेचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा करावा लागतो, तो वाळूत दाबायचा, मग त्या खळग्यात वितळलेला धातू. हर्शेलच्या हातचा साचा म्हणजे बघत राहावं. हात असा की डोळे मिटून रंधलेल्या लाकडावरून बोट फिरवलं तरी कुठे केसभर जास्त राहिलंय ते सांगेल. पण फोरमनची जागा रिकामी झाली तेव्हा ती मिळाली त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एका गोऱ्या पोराला. हर्शेलनं त्यावर चकार शब्द काढला नाही. महिनाभर घरात कुठलाच शब्द काढला नाही. जेवायचा आणि गॅरेजात जाऊन दिवा न लावता बसायचा. आयोलाला वाटलं, हा माणूस आता हातचा जातो.

त्याच सुमाराला हायवेसाठी आमचं जुनं चर्च पाडलं. हर्शेल तिथून अक्रोडाच्या लाकडाचा एक बाक खांद्यावर टाकून घेऊन आला आणि म्हणाला, तुला बेस करतो. आयोला तेव्हा उसन्या बेसवर वाजवायची. हर्शेलनं कधी गिटार उघडूनही बघितली नव्हती. तरी त्यानं सारं मनानं केलं. अंग बाकाच्या पाठीचं. मान तिच्या डाव्या हाताच्या मापाची. गरम मेणाच्या कांडीवर तिची मूठ आवळून घेतली आणि त्या ठशाबरहुकूम लाकूड तासलं. मानेवर पितळी पडदे ठोकले, सतारीला असतात तसे, जिथे बोट दाबलं की सूर निघतो. आणि तारा जिथे खाली अडकतात ती घोडी, तीही विकत न आणता स्वतः साचा करून पितळेत ओतली. एकसंध. चार स्क्रूंनी अशी आवळली की भूकंप झाला तरी हलायची नाही.

संध्याकाळी त्यानं तो बेस तिच्या मांडीवर ठेवला. महिन्याभरानं पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. आयोलानं मोकळ्या तारा वाजवल्या. आहाहा, काय आवाज! पहिला पडदा, दुसरा, तिसरा. झकास. पाचव्याच्या वर गेली आणि तिच्या कानात खडा लागला. सूर चढा. आणखी वर गेली, आणखी चढा. बारावा पडदा तर सरळ दुसऱ्याच गावचा.

तिनं मान वर केली. हर्शेल तिच्याकडे बघत होता. फाउंड्रीच्या ठोक्यांनी त्याचे कान केव्हाच निकामी केले होते, त्याला बारीकसारीक सूर कळायचे नाहीत. तो कानानं ऐकत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघून ऐकत होता.

"सोन्यासारखा झालाय," आयोला म्हणाली.

हर्शेल टेबलावर डोकं ठेवून रडला. फोरमनच्या जागेसाठीचं, चर्चचं, सगळं रडला. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार?

मग तिनं तो बेस तसाच वाजवायला शिकून घेतला. पाचव्या पडद्याच्या वर पाऊल टाकायचं नाही. वर जावंसं वाटलं तर घसरत जायचं, पण टेकायचं नाही, परत खाली. जिथे दुसरा कुणी वरचा सूर लावेल तिथे तिनं तळहातानं तार दाबून नुसता 'धप्' आवाज काढला. जिथे तोही जमेना तिथे चक्क मोकळी जागा सोडली आणि मग मोकळी तार अशी हाणली की माणसाचा पाय त्या खड्ड्यात जाऊन आपोआप वर यावा. लोक वेडे झाले. पोरं यायची, तिच्या समोर बसून तिची बोटं बघायची, हर्शेलच्या गॅरेजात जाऊन तसाच बेस मागायची. हर्शेल करून द्यायचा. त्याला आता हात बसला होता, पुढचे बेस सुरात होते, एकही तक्रार नव्हती. पण त्यातल्या एकातूनही आयोलाचा आवाज निघेना. हर्शेल सगळ्यांना सांगायचा, "तसं लाकूड पुन्हा मिळालं नाही. त्या बाकात प्रार्थना मुरल्या होत्या." आयोला शेजारी बसून घेवडा सोलत असायची आणि गप्प राहायची.

तर ते वाक्य हे. तुझा बेस बेसूर आहे, हर्शेल.

*

शनिवारी दुपारी रेनर्ड आला. पोरगा चांगला निघाला, हीच तर पंचाईत. उर्मट असता तर आयोलाला जरा बरं वाटलं असतं. त्यानं पायपुसण्यावर बूट पुसले, "नमस्कार, मिस आयोला" म्हणाला, तिच्या दोन रेकॉर्ड आपल्या आईनं वाजवून वाजवून पांढऱ्या केल्यात असं सांगितलं आणि क्लेबर्नच्या मागोमाग गॅरेजात गेला. आयोला स्वयंपाकघरात कोलार्डची पालेभाजी धूत बसली. खिडकी उघडी होती. ती उघडी राहील अशी काळजी तिनंच घेतली होती, खोटं कशाला बोला.

खालचे सूर आले. मग पोरगा वर गेला आणि थांबला. पुन्हा वर गेला. पुन्हा थांबला. खुंट्या पिळून तारा जुळवल्या. पुन्हा तेच. आयोला भाजी तिसऱ्यांदा धूत होती.

"मिस्टर प्रुइट," रेनर्डचा आवाज आला. "रागावू नका हं. पण हा बेस सुरात नाही."

"तार नीट जुळव."

"जुळवलीय साहेब. वर गेलं की चढतो. घोडी चुकीच्या जागी बसलीय, नाहीतर पडदे."

मग हर्शेलचा आवाज चढला. "ए, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी मापं घेतोय. माझी बायको हा बेस वर्षानुवर्षं वाजवतेय. शिकागोत वाजला, क्लीव्हलंडमध्ये वाजला. ती कधी बोलली नाही, लोक कधी बोलले नाहीत, आणि तू काल मिसरूड फुटलेला मला सांगतोस? आयोला! आयोला, इकडे ये!"

ती ओले हात एप्रनला पुसत गेली. भिंतीवर हर्शेलचे सहा-सात बेस ओळीनं टांगलेले. मधे रेनर्ड उभा, मांजरानं पाटी पाडावी आणि मग आपणच घाबरावं तसा चेहरा. क्लेबर्न ड्रमवर बसलेला.

"वाजव," हर्शेल म्हणाला. "दाखव याला."

आयोलानं बेस गळ्यात घेतला. मान तिच्या मुठीत बसली. बसणारच, त्याच मुठीची होती. तिनं त्या गाण्याचा तुकडा वाजवला, शिकागोत गेलेला. खाली, खाली, धप्, मोकळी जागा, आणि ती तार. क्लेबर्नचा पाय त्याच्या नकळत हलला. रेनर्डचं तोंड उघडं पडलं.

"बघितलंस?" हर्शेल म्हणाला.

"माझंच चुकलं असेल, साहेब," पोरगा खाली मान घालून म्हणाला.

तिथे आयोला थांबू शकली असती. बेस खाली ठेवून भाजी चुलीवर चढवायला गेली असती तर नवऱ्याची लाज राहिली असती, पोरगा स्वतःच्या हाताला दोष देत परत गेला असता, आणि कुणी सांगावं, क्लेबर्नला झक मारत तिला बसमध्ये घ्यावं लागलं असतं. हे सगळं तिला तेव्हाच, त्या क्षणी दिसलं. ती बेस उतरवायलाच निघाली होती.

"चुकलं असेल काय, चुकलंच," हर्शेल म्हणाला. त्याचा तोरा आता गॅरेजात मावत नव्हता. "यात हिची काही कमाल नाही बरं का. माझी बायको आहे म्हणून उगाच चढवून सांगत नाही मी. साधी बोटं आहेत. हा बेस कुणाच्याही हातात असाच वाजेल. फक्त हात ठेवायचा, बाकी तोच करतो."

आयोलानं पट्टा पुन्हा खांद्यावर नीट केला.

आणि ती वर गेली. पाचवा. सातवा. नववा. घाई नाही, एकेक पडदा नीट दाबून, शाळेतल्या पोरीसारखी सरळ. बारावा लावला तेव्हा क्लेबर्ननं दात दुखल्यासारखा गाल धरला. ती थांबली नाही, तशीच वर गेली, शेवटल्या पडद्यापर्यंत, आणि तो किंचाळणारा सूर तिनं लांबवर धरून ठेवला. हर्शेलचे कान कितीही गेलेले असोत, एवढं त्यालाही ऐकू आलं. आणि नसतं आलं तरी क्लेबर्नचं तोंड दिसत होतंच.

"थांब," तो म्हणाला.

त्यानं तिच्या हातून बेस घेतला, बाकावर ठेवला आणि टेप काढली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा. त्यानं वरून त्या पडद्यापर्यंत मोजलं, त्या पडद्यापासून घोडीपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. अर्ध्या इंचाचा फरक. मग त्यानं मान वळवून भिंतीकडे बघितलं, खिळ्याला टांगलेल्या एका पितळी कडेच्या पट्टीकडे, आणि बघतच राहिला.

क्लेबर्नला काही कळलं नाही, पोराला तर नाहीच. आयोलाला कळलं, कारण इतक्या वर्षांत तिनं त्या पट्टीचं व्याख्यान शंभरदा ऐकलं होतं. ओतलेला धातू थंड झाला की आक्रसतो, म्हणून साचेवाल्यांची पट्टीच मुळात वाढीव असते; तिचा इंच खऱ्या इंचापेक्षा थोडा लांब. हर्शेलनं त्या दिवसांत घोडीचा साचा केला होता. वाढीव पट्टी हातात होती, आणि त्याच पट्टीनं त्यानं पडदेही आखले. घोडी बसवताना मात्र साधी टेप घेतली, म्हणून पडदे पसरले आणि तार आखूड पडली. साध्या सुताराच्या हातून हे झालंच नसतं. त्याच्याकडे ती पट्टीच नसते.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" हर्शेलनं विचारलं.

"पहिल्या संध्याकाळपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तू रडत होतास."

"म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो," हर्शेल म्हणाला, "आणि तू शेजारी बसून मनातल्या मनात हसत होतीस."

"हसले नाही रे, हर्शेल. एकदाही नाही."

पण तो ऐकत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं महिन्याभराचं मौन परत चढायला लागलं होतं.

तेवढ्यात क्लेबर्न ड्रमवरून उठला. "थांब थांब थांब," तो म्हणाला. "म्हणजे तो आवाज बेसात नव्हताच. अगं बाई! तो तुझाच होता!"

आयोलाची छाती भरून आली. भलत्या वेळी, नवरा समोर उद्ध्वस्त उभा असताना भरून आली, त्याला ती काय करणार? इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. आता पुढचं वाक्य काय येणार ते तिला ठाऊक होतं. ती त्याची वाट बघत उभी राहिली.

पुढचं वाक्य आलं, पण ते रेनर्डचं.

"मिस आयोला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरले होते, "पुन्हा एकदा दाखवाल? सावकाश? तुम्ही वर का जात नाही ते आता कळलं. पण मधली ती मोकळी जागा तुम्ही धरता कशी?"

कुणी कधी विचारलंच नव्हतं हो. पोरं यायची ती बोटं बघायची आणि बेस मागायची. कसं करतेस, असं तोंडानं कुणी विचारलं नव्हतं. आयोलानं बेस उचलला आणि दाखवलं. सावकाश. इथे पाचव्यावर थांबायचं. इथे वर जातोय असं भासवायचं आणि मागे फिरायचं. इथे तळहात असा आडवा. आणि इथे काही करायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही, समोरच्याला वाटलं पाहिजे आता ही पडली, आणि मग हाण. ती बोलत गेली, दाखवत गेली, तिचे गाल तापले. पोरगा तिच्या बोटांवरून नजर हलवत नव्हता. असा शिष्य भाग्यानं मिळतो, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

मग रेनर्डनं "मी घेऊ का?" असं विचारून भिंतीवरचा दुसरा बेस काढला, हर्शेलनं केलेलाच, सुरात असलेला. गळ्यात घातला. आणि वाजवलं.

खाली, खाली, धप्. मोकळी जागा. आणि ती तार.

हुबेहूब. पहिल्यांदा जरा घाई झाली, दुसऱ्यांदा तीही नाही. क्लेबर्नचा पाय पुन्हा हलला, मघासारखाच, त्या पायाला काही फरक कळला नाही. त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली. "झालं की रे काम!" मग त्याला आयोलाची आठवण झाली. "बघ, तुझंच आहे हे. तुझ्याशिवाय झालं नसतं. मी स्टेजवरून तुझं नाव घेईन, प्रत्येक शहरात."

"नीट घे," आयोला म्हणाली. "दोन अक्षरं नको खाऊस."

रेनर्डनं जाताना तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मी विसरणार नाही, मिस आयोला," म्हणाला. मनापासून म्हणाला. तो दुसरा बेस घेऊन ते दोघे गेले, आणि भिंतीवर एक खिळा मोकळा राहिला.

*

गाणं शरद ऋतूत परत आलं, नव्या रेकॉर्डवर. शाळेच्या कँटीनमध्ये पोरींनी रेडिओ मोठा केला आणि ट्रे हातात घेऊन नाचल्या. एक आयोलाला म्हणाली, "मिस प्रुइट, तुम्हाला असली गाणी आवडतात?" आयोलानं तिच्या ताटात घेवडा जरा जास्तच वाढला.

घरात हर्शेल बोलत नव्हता. फाउंड्रीत जायचा, यायचा, गॅरेजात बसायचा. आयोला भांडायला बघायची, तर समोरून भांडणही येईना. "अरे, त्यांनी मला टाकलं, तू मला विकलंस आणि रुसायचंही तूच?" ती एकदा म्हणाली. तो उठून गेला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दुपारी ती रताळी सोलत होती, तेव्हा तो आत आला. हातात बेस होता. तो त्यानं टेबलावर ठेवला, सालींच्या शेजारी.

पितळी घोडी अर्धा इंच मागे गेली होती. जुन्या स्क्रूंची भोकं त्यानं त्याच अक्रोडाच्या लाकडानं बुजवली होती, रेषेला रेषा जुळवून. ठाऊक नसतं तर तिलाही सापडली नसती.

"चूक माझी होती," हर्शेल म्हणाला. घसा बसल्यासारखा आवाज, इतक्या दिवसांनी वापरल्यामुळे. "दुरुस्त केली. वाजव."

आयोलाला वाटलं, ओरडून विचारावं, तुला दुरुस्त करायला एवढी एकच चूक सापडली? पण तिनं हात पुसले आणि बेस मांडीवर घेतला. मोकळ्या तारा. पहिला पडदा, तिसरा, पाचवा. मग ती वर गेली. सातवा, नववा, बारावा. स्वच्छ. शेवटल्या पडद्यापर्यंत एकही खडा नाही. आता कुठेही थांबायची गरज नव्हती. मोकळी जागा सोडायचं काही कारण नव्हतं. तिनं ती सवयीनं सोडून बघितली, तर ती नुसती मोकळी वाटली. दुकानातल्या कुठल्याही चांगल्या बेससारखा तो वाजत होता, आणि त्याला तिची काही जरूर नव्हती.

तिनं मान वर केली. हर्शेल तिच्या तोंडाकडे बघत होता. तसाच, पहिल्या संध्याकाळसारखा, कानानं न ऐकता.

"सोन्यासारखा झालाय," आयोला म्हणाली.

त्याचा चेहरा सैल पडला. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं तिच्या पुढ्यातलं एक रताळं घेऊन सोलायला सुरुवात केली. आयोला बेस घेऊन उठली, गॅरेजात गेली, आणि विकायच्या बेसच्या ओळीत जो खिळा मोकळा होता त्यावर तिनं तो टांगून ठेवला.